पहिले कापड

मु. पो. बोर्ली पंचतन
दि. ७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

चि. सौ. प्रणाली हिस,

माझे नाव भागोजी धाकू गायकर. वय वर्षे चौऱ्याहत्तर. शिक्षण मराठी चौथी. धंदा भातशेती. त्याआधी एकतीस वर्षे अलिबागच्या कोर्टात शिपाई, आणि त्यांपैकी बावीस वर्षे कोर्टाच्या दारात उभे राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करण्याचे काम माझ्याकडे होते. मी तुझा बाप आहे. हे सर्व तुला ठाऊक असूनही लिहितो, कारण मंगळवारी, दिनांक ४ रोजी, तुझ्या बाळंतपणाच्या दवाखान्यात जे घडले त्यावरून मी कोण, याचा सर्वांना विसर पडलेला दिसतो.

आपल्या घरची रीत तू लहानपणापासून ऐकलेली आहेस. नव्या जिवाच्या अंगाला नवे कापड लागू द्यायचे नाही. पहिले कापड आजोबाचे, आणि तेही अंगावर झिजलेले. मी जन्मलो तेव्हा मला माझ्या आजोबांच्या धोतरात गुंडाळले. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या आईचे वडील हयात नव्हते, म्हणून तुला माझ्या वडिलांच्या, म्हणजे धाकू गायकर यांच्या, धोतरात गुंडाळले आणि सव्वा महिना तू त्यातच वाढलीस. असे कापड मऊ असते, हे एक कारण. दुसरे कारण असे की जे कापड एका देहावर इतकी वर्षे टिकले, ते त्याचे आयुष्य पुढच्याला देते, अशी आपली समजूत आहे. पहिले बाळंतपण माहेरचे, म्हणून पहिल्या कापडाचा मान आईच्या बापाचा. तुझे बाळंतपण माहेरी न होता अलिबागला झाले, कारण दवाखाना तुझ्या सासरहून, नागावहून, जवळ पडतो. त्याला मी हरकत घेतली नाही. मनात मात्र नोंद केली.

तुझी आई तीन दिवस आधीच तुझ्याकडे आली होती. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला, मंगळवारी सकाळी, मी दिघीची लाँच आणि पुढे एसटी धरली. काखेत पुडके होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी मी खोलीच्या दारात पोहोचलो. पुडके रीतसर सादर केले. ते स्वीकारले गेले नाही. त्यानंतर तुझे सासरे श्री. यज्ञेश्वर त्र्यंबक मोघे यांचे जुने धोतर बाळाला गुंडाळण्यात आले, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत गुंडाळण्यात आले.

बाळाला हातात न घेता मी परत फिरलो. पुडके तेथेच बाकावर राहिले.

या गोष्टीचा खुलासा मला लेखी मिळावा. तोपर्यंत मी नागावला येणार नाही, बारशालाही येणार नाही. नागावच्या बागेत नारळ आहेत, पोफळी आहेत, विहीर आहे, होमस्टे आहे, पाहुणे आहेत. माझ्याकडे एक मान होता, तोही तेथेच गेला.

तुझा,
भागोजी धाकू गायकर

•

मु. पो. बोर्ली पंचतन
दि. ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चि. सौ. प्रणाली हिस,

तुझा खुलासा अद्याप आलेला नाही. तुझ्या आईचा फोन मात्र आला. शेजारचा प्रीतम, जो दिघीच्या वाटेवर मिनिडोर रिक्षा चालवतो, त्याच्या मोबाइलवर आला. मी खळ्यात भात झोडत होतो. प्रीतमने फोन मोठ्या आवाजावर ठेवून माझ्यापुढे धरला. संभाषण असे झाले.

"अवो, धोतार कुठं हाय?"

"कोणते?"

"कोंतं म्हंजे? मी गनपतीपासून दर आयतवारी रिठ्यात धुतलेलं. माज्या हाताचं हाय ते."

मी सांगितले की लाइन नीट नाही.

"लाइन चांगली हाय. तुमी हिकडं तोंड करून बोललाव तर फोनबिगरबी आयकू यील."

प्रीतम हसला. मी फोन त्याला परत दिला. फोनवरचे बोलणे मी जबानीत धरीत नाही.

आता श्री. मोघे यांच्याविषयी लिहितो. मी त्यांना तुझ्या लग्नाआधीपासून ओळखतो, हे तुला ठाऊक नसावे. सन १९९२ मध्ये विहिरीच्या वाटेच्या एका दाव्यात त्यांच्या नावाचा पुकारा मी तीन वेळा केला होता. तिसऱ्या पुकाऱ्याला ते छत्री मिटत आले, आणि दारातून आत जाता जाता मला म्हणाले, "आवाज काय खणखणीत आहे हो तुमचा!" मला त्याचा राग आला. आवाजाचे कौतुक करून घेण्यासाठी मी तेथे उभा नव्हतो. त्यांच्या छत्रीच्या दोन काड्या सुतळीने बांधलेल्या होत्या. तेही मी पाहिले होते.

तेव्हापासून तो माणूस बदललेला नाही. त्यांच्या सदऱ्याची कॉलर झिजली की उलटवून शिवतात. लोक म्हणतात, केवढी बाग, पण माणूस किती साधा! माझ्या सदऱ्याची कॉलरही तुझी आई उलटवूनच शिवते. त्यावर लोक काही म्हणत नाहीत. नुसते पाहतात.

तुझ्या नवऱ्याने, देवव्रतने, बागेतल्या मोडक्या रहाटाच्या चाकावर काच टाकून जेवणाचे टेबल केले. मुंबईचे पाहुणे त्याचे फोटो काढतात. तेलाच्या रिकाम्या डब्यांत झाडे लावली, त्यांचेही काढतात. आपल्या ओटीवर फुटका रांजण उपडा घालून मी त्यावर तीस वर्षे बसतो आहे. त्याचा फोटो कोणी काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे धोतर आधी गावाला जाते, मग शेतात जाते, मग आंघोळीचा पंचा होते, मग दूध गाळते, आणि चुलीपुढचे पोतेरे झाल्यावरही तुझी आई त्याच्या दशा, म्हणजे काठाचे सुटे दोरे, काढून ठेवते. हे आम्ही कोणाला दाखवण्यासाठी केले नाही. केले नसते तर तुझी फी भरता आली नसती. नागावला तेच केले की त्याला संस्कार म्हणतात. हा फरक मला समजत नाही असे नाही. तो मला फार चांगला समजतो, हीच अडचण आहे.

तुझ्या लग्नाची बोलणी करायला ते सर्व आपल्याकडे आले होते, तो दिवस आठव. मी ओटीवर बसलो होतो. तुझ्या सासूबाईंनी, पद्माताईंनी, माझ्या गुडघ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगबाई, किती सुरेख रफू! कुणी केलंय?" तुझी आई आतून लगबगीने आली आणि सांगू लागली की खुंटाला लागून फाटले होते, आणि त्याच धोतराच्या दशांतला दोरा काढून तिने भरले, म्हणजे रंग वेगळा दिसत नाही. दोघी माझ्या गुडघ्याशी वाकून बोलत राहिल्या. मी तेथेच होतो. माझ्याशी कोणी बोलत नव्हते.

त्या दिवसानंतर ते धोतर मी चारचौघांत नेसलो नाही.

खुलासा पाठवावा.

तुझा,
भागोजी धाकू गायकर

•

मु. पो. बोर्ली पंचतन
दि. १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

चि. सौ. प्रणाली हिस,

तुझे उत्तर पोहोचले. माझेच पहिले पत्र तू मला परत पाठवलेस आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर एवढेच लिहिलेस : "आबा, पुडके उघडले तेव्हा काय झाले, ते लिहायचे राहिले. कागद शिल्लक आहे." कागद वाया घालवू नये, हे मीच तुला शिकवले. तू ते माझ्यावरच लागू करशील असे वाटले नव्हते.

मी लगेच लिहायला बसलो नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखे आणखी काही मिळते का, ते मी शोधत होतो. तेवढ्यात काल प्रीतम आला. शनिवारी नव्या तांदळाची गोणी घेऊन तो नागावला गेला आणि बारसे जेवूनच परतला. खळ्याच्या बांधावर बसला, पाणी प्यायला, आणि मी न विचारताच बोलू लागला.

"काका, बारशाला तुमची खुर्ची ठेवलेली. पयल्या रांगेत."

"कोणी?"

"मोघेकाकांनी. मी बसाय गेलो तर बोलले, ती राखीव हाय. समदा कार्यक्रम होईस्तवर ती रिकामीच. एक मांजर बसलं हुतं मधी, त्यालाबी हाकललान."

"नाव काय ठेवले?"

"ओंकार. चांगलं हाय ना?"

मी चांगले आहे असे म्हणालो. ते खरोखरच चांगले आहे, आणि मी सुचवलेले नाही.

पुढे तो म्हणाला, "काकी दवाखान्यातलं सांगत हुती. पोर झालं तवा तुमी यष्टीत हुतात. शिस्टर दोनदा कापड मागाय आली. मोघेकाकांचं धोतार पिशवीत, पिशवी खुर्चीखाली. पन काढलं न्हाय त्यांनी. बोलले, पयला मान आईच्या बापाचा, भागोजीराव येतायत, थांबा. पोर तवर दवाखान्याच्या हिरव्या फडक्यात. चाळीस मिन्टं."

मी त्याला भाताचा पेंढा रचायला लावला आणि आत गेलो.

प्रणाली, हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. तसे झाले नाही. दुसऱ्याची बाग आपल्यापेक्षा मोठी असली तर ते मी सोसू शकतो. मोठी बाग मी आयुष्यभर रस्त्यावरून पाहिली आहे. पण बागवाल्याचे मनही आपल्यापेक्षा मोठे निघावे, हे मला सोसवेना. माझ्याजवळ त्यांच्याहून सरस म्हणावे असे तेवढेच शिल्लक आहे, असे मी धरून चाललो होतो.

आता तू मागितलेला मजकूर लिहितो.

तुझ्या आईने धोतर मऊ करून, चौघडी घालून, पेटीत वर ठेवले होते. जाताना मला तीनदा बजावले. सोमवारी मी ते बाहेर काढले. रफू उजेडात धरून पाहिले. मग डोळ्यांपुढे दवाखान्याची खोली आली. तेथे तुझे सासरे असणार, सासूबाई असणार, देवव्रतचे डॉक्टर मित्र असणार. त्या सर्वांपुढे मी हे ठिगळ उलगडणार आणि पद्माताई पुन्हा म्हणणार, किती सुरेख! मी धोतर पेटीत तळाशी घातले, बोर्लीच्या बाजारात गेलो आणि कोरी धोतरजोडी घेतली. दुकानदाराने विचारले, कोणासाठी? मी म्हणालो, नातवासाठी. तो म्हणाला, "काका, नातवाला धोतर?" मी पैसे मोजून ठेवले. जन्मात पहिल्यांदा मी आपल्या घरची रीत मोडत होतो आणि ते मला पक्के ठाऊक होते. मोडली, कारण आपल्याकडेही नवे आहे, हे मला त्या माणसाला दाखवायचे होते.

पुडके सिस्टरने उघडले. घड्या मोडताना कापड कागदासारखे करकरले. काठावर गिरणीचा निळा शिक्का होता. खोलीभर खळीचा वास सुटला. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, हे नाही चालायचं हो. बाळाची कातडी सोलून निघेल. धुतलेलं, जुनं काही नाही का?"

तुझ्या आईने पुडक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.  बोलली असती तर मी थांबलो असतो.

त्यानंतरच श्री. मोघे खाली वाकले आणि त्यांनी पिशवी ओढली. ते कापड इतके झिजलेले होते की सिस्टरने उलगडले तेव्हा त्यातून तिचा हात दिसत होता. गुंडाळल्यावर बाळाच्या खांद्यापाशी एक ठिगळ आले. ठिगळ माझ्या रफूइतके बरे नव्हते. टाके लांब होते. मी जाता जाताही तेवढे पाहून घेतले.

माझे पुडके कोणी नाकारले नाही. त्यात जे असायला हवे होते ते नव्हते. पहिल्या पत्रात मी जे लिहिले त्यात खोटे काही नाही, पण एवढे गाळले होते. कोर्टात बावीस वर्षे मी ऐकत आलो की साक्षीदाराने सर्व सांगावे, काही लपवू नये. त्या वेळी मला ते सोपे वाटत असे.

तू मला येऊ देशील की नाही, हे तू ठरव. जो आजोबा असा वागला त्याने त्या लेकराला हात लावावा की नाही, हे मी माझ्यापुरते ठरवू शकलेलो नाही.

भागोजी

•

नागाव, ता. अलिबाग
दि. २३ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. सौ. प्रणाली हिस,

तू आतल्या खोलीत आहेस आणि मी पडवीत बसून तुला हे पत्र लिहितो आहे. तू म्हणालीस, "एवढी तीन लिहिलीत, आता शेवट तोंडी नको." म्हणून.

तुझा निरोप प्रीतमच्या फोनवर शुक्रवारी आला : "आबांना म्हणावं, या. आणि पेटीच्या तळाशी हात घाला." त्याप्रमाणे मी आज सकाळी दिघीवरून लाँच धरून, पुढे आगरदांड्याहून एसटीने येथे पोहोचलो. फाटकात श्री. मोघे उभे होते. सुतळीने काड्या बांधलेली छत्री हातात होती. ऊन होते, तरी होती.

"या, भागोजीराव," ते म्हणाले. "आज पुकारा न करताच मी हजर आहे."

तेहतीस वर्षांपूर्वीचा तो पुकारा त्यांच्या लक्षात होता.  मी म्हणालो, "आपल्या धोतराचे टाके लांब आहेत."

ते म्हणाले, "मीच घातलेत. पद्मा म्हणते, पोतं शिवल्यासारखे आहेत."

"तसेच आहेत," मी म्हणालो. त्यानंतर आम्ही दोघे बरोबर आत आलो.

पुढचे सर्व तुझ्यासमोर घडले, तरी नमूद करतो. मी जुने धोतर पुढे ठेवले. पद्माताईंनी ते उलगडले, बोटाने चाचपत गेल्या आणि तुझ्या आईला म्हणाल्या, "काशीताई, हेच ना ते रफू? सापडतसुद्धा नाही डोळ्यांना!" या वेळी मी मान खाली घातली नाही. तू म्हणालीस, "आबा, पहिलं कापड तर होऊन गेलं. आता याचं काय करायचं?"  जे होऊन गेले ते परत घेता येत नाही, हे मी लाँचवर स्वतःला शंभरदा सांगितले होते.

तुझी आई म्हणाली, "झोळी करा. पाळन्यात पोर रडतंय, आईच्या वासाबिगर ऱ्हात न्हाय. झोळीत निजंल."

श्री. मोघे यांनी रहाटाचा जुना दोर काढून माजघराच्या वाशाला टाकला. मी धोतर बांधायला घेतले. रफूची जागा मी एका कडेला सारली, कारण ऐन मध्यावर भार आला तर ती धरील अशी मला खात्री नव्हती. तुझ्या आईने माझा हात धरला.

"मधी घ्या."

"उसवेल."

"न्हाय उसवायचं. बाकीचं धोतार तुमी फाडलाव आयुष्यभर. तेवढंच मी शिवलंय. तेच मजबूत हाय."

आधी पाच सोललेले नारळ घालून झुलवून पाहिले. रफू ताणले, पण धरले. मग तू ओंकारला माझ्या हातात दिलेस. त्याचे वजन त्या पाच नारळांएवढेच असावे, पण नारळ मी असे दोन्ही हातांनी छातीशी धरले नव्हते. त्याच्या अंगावर अजूनही श्री. मोघे यांचेच कापड होते. ते फार मऊ आहे. मला ते खरे सांगायला हवे, म्हणून सांगतो. त्या कापडासकट मी त्याला झोळीत ठेवले.

कोऱ्या धोतरजोडीचा निकाल तुझ्या आईने दिला. दवाखान्याच्या बाकावरून तिने ती उचलून आणली होती. एक धोतर तिने माझ्या अंगावर टाकले, दुसरे श्री. मोघे यांच्या. म्हणाली, "नेसा आता दोघं. फेकायचं न्हाय. पुढच्या लेकराच्या येळंपर्यंत मऊ करा. ज्याचं आधी मऊ व्हईल, त्याचं घेऊ."

तू आतून ओरडलीस, "आई, पुढचं कसलं? मला एकच पुरे!" तुझे कोणी ऐकले नाही.

मी धोतर त्याच क्षणी नेसलो. जेवताना, नंतर बागेत फिरताना, आणि आता लिहितानाही तेच अंगावर आहे. श्री. मोघे यांनी त्यांचे घडी घालून कपाटात ठेवले आहे. उद्यापासून नेसतो म्हणाले. ते अजून पूर्ण कडक आहे. चहाच्या वेळी ते विहिरीकडे गेले असता मी कपाट उघडून खात्री करून घेतली.

मी बारा दिवस येथे राहणार आहे. दर रविवारी रिठ्याच्या पाण्यात माझे धोतर धुण्याचे तुझ्या आईने कबूल केले आहे. श्री. मोघे यांचे कोण धुणार, याची चौकशी मी केलेली नाही.

वरील मजकूर मी शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, खरा म्हणून लिहून दिला आहे. या वेळी हजर असलेले साक्षीदार :

१. सौ. काशी भागोजी गायकर, वय अडुसष्ट. मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. "लई लिव्हता" असे म्हणून अंगठा दिला.

२. सौ. पद्मा यज्ञेश्वर मोघे. सही केली, आणि रफूचा उल्लेख अजून एकदा यायला हवा होता अशी सूचना केली.

३. श्री. यज्ञेश्वर त्र्यंबक मोघे. सही केली. पत्राची पाठ कोरी आहे, ती हिशेबाला उपयोगी पडेल, असे म्हणाले. मी ती दिली नाही.

४. चि. ओंकार देवव्रत मोघे, वय वीस दिवस. त्याच्या नावाचा पुकारा मी झोळीपाशी उभे राहून, अगदी हलक्या आवाजात, तीन वेळा केला. साक्षीदार झोपेत असल्यामुळे हजर झाला नाही.